घोड्याचं घर

"मॅम, क्रीम संपलंय," असं म्हणून त्या उंच, चष्मेवाल्या माणसानं रिकामं भांडं सुलेखाच्या हातात दिलं आणि तो पुन्हा आपल्या लोकांत जाऊन उभा राहिला.

मी शेजारीच होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "ठेव ते खाली. सांग त्याला, तू कोण आहेस ते."

"असू दे हो वन्सं. क्रीम कुठल्या फ्रीजमध्ये असतं ते इथं मलाच माहितीय ना."

आणि ही बाई खरंच गेली. क्रीम आणलं, भांडं भरलं, हात पुसले, पदर नीट केला आणि बुद्धिबळाच्या आठव्या पटावर जाऊन बसली. समोरची खुर्ची नेमकी त्या चष्मेवाल्याची होती. कॉफीचा कप घेऊन तो आला, तिच्याकडे बघितलं, टेबलावरच्या चिठ्ठीवरचं नाव वाचलं, पुन्हा तिच्याकडे बघितलं आणि कानापर्यंत लाल झाला. दातांचा डॉक्टर होता म्हणे. मला फार बरं वाटलं.

सुलेखा माझी भावजय, राजीवची बायको. आम्ही सगळेच इथं अमेरिकेत, एडिसनमध्ये. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते, राजीव इंजिनियर आहे आणि सुलेखा लायब्ररीत क्लार्क. आलेली पुस्तकं रॅकवर लावायची, गेलेल्यांवर तारखेचा शिक्का मारायचा, उशिरा आणणाऱ्यांना गोड बोलून दंड करायचा. चौदा वर्षं ती हेच करत होती, आणि कुणी विचारलं तर "काही नाही हो, लायब्ररीत असते" एवढंच सांगायची. आमच्या महाराष्ट्र मंडळात बायका आपल्या नवऱ्यांची प्रमोशनं सांगायच्या तेव्हा ही आपली समोसे तळत उभी.

त्या लायब्ररीच्या तळघरात गुरुवारी संध्याकाळी चेस क्लब भरायचा. किल्ली सुलेखाकडे. बाकीचे क्लार्क कटकट करायचे, ही आनंदानं थांबायची. सगळे म्हातारे पुरुष. क्लबचे कॅप्टन वॉल्टर केसलर नावाचे एक रिटायर्ड फार्मासिस्ट होते, ऐंशीच्या घरातले, कानात मशिन, पण बो टाय एकदम टापटीप. ते इंग्रजीतच बोलायचे, मी आपलं मराठीत सांगते.

तळघरात काचेचं कपाट होतं. त्यात चांदीचा कप आणि जुने फोटो. १९०९ साली आमच्या काउंटीनं आणि शेजारच्या काउंटीनं ठरवलं की दर वसंतात आठ-आठ जणांच्या टीमनं बुद्धिबळाची मॅच खेळायची. कप इथल्याच कपाटात राहायचा, जिंकणाऱ्यांची आठही नावं त्यावर कोरायची. फोटोत हॅट घातलेले, मिशांना मेण लावलेले लोक स्टेशनवर उभे आहेत, पायाशी ट्रंका. ट्रंकांत पट. दुसऱ्या रांगेत केसलरांचे वडील. त्या काळी संध्याकाळची गाडी पकडायची म्हणून डाव अर्धेच राहायचे. मग ते कागदावर उतरवून न्यूयॉर्कच्या कुणा जाणत्याकडे पाठवायचे आणि दोन आठवड्यांनी त्याचं कार्ड यायचं, कोण जिंकलं ते. तोपर्यंत दोन्ही काउंट्या आपणच जिंकलो म्हणून मिरवायच्या. आणखी एक रीत होती, ती अजून चालते. मॅच संपली की हरलेल्या कॅप्टननं जिंकलेल्यांना स्वतःच्या हातानं कॉफी ओतायची.

हे सगळं मला सुलेखानं सांगितलं. कपाट पुसायचं काम तिचंच. ती पुसता पुसता वाचायची, आणि वाचता वाचता खेळ बघायची. एका गुरुवारी केसलर एका डावावर डोकं धरून बसले होते. मागून ही हळूच म्हणाली, "घोडा मागे घ्या ना." त्यांनी मशिन नीट केलं, मागे बघितलं आणि घोडा मागे घेतला. जिंकले. त्या दिवसापासून ते तिला रिकाम्या खुर्चीत बसवायला लागले.

तर खेळ तिला माहेरचा. मिरजेला तिचे वडील कंपाउंडर होते. दवाखाना बंद करून आले की कापडी पट अंथरायचे आणि मुलीला समोर बसवायचे. पण ते देशी बुद्धिबळ. त्यात प्यादं सरकत सरकत शेवटच्या ओळीत पोचलं की ज्याच्या घरात पोचेल तेच होतं. हत्तीच्या घरात हत्ती, उंटाच्या घरात उंट, घोड्याच्या घरात घोडा. इथल्या खेळात तसं नाही. प्यादं कुठंही पोचलं तरी तुम्ही वजीर मागा, मिळतो. केसलरांनी तिला हे पहिल्याच दिवशी सांगितलं, तर ती खूप हसली होती.

"वन्सं, इथलं प्यादं पण अमेरिकन आहे. कुठंही जा, वजीर व्हा!"

राजीव एकदा तिच्याशी खेळला. एकदाच. त्यानंतर पट दिसला की त्याची पाठ दुखते. वर म्हणायचा, "देशी म्हणजे काय गं, आजोबा लोकांचा टाइमपास. चेस वेगळं." मी म्हटलं, "हो ना रे, म्हणूनच तू वेगळा हरलास."

त्या वर्षी, म्हणजे शहाऐंशीला, शेजारची काउंटी लागोपाठ दोनदा जिंकलेली होती. आणि कपाचा एक नियम होता, पहिल्या दिवसापासूनचा. लागोपाठ तीनदा जो जिंकेल, कप कायमचा त्याचा. इतक्या वर्षांत ते कुणालाच जमलं नव्हतं. आता जमणार असं दिसत होतं. बरोबरी झाली तर ती जिंकण्यात धरायची नाही, असंही लिहिलेलं होतं, पण बरोबरी कुणी धरून चालत नव्हतं.

"कप गेला की मॅच गेली," केसलर म्हणाले. "नवा कप कोण देणार? आणि कपाशिवाय हे म्हातारे गुडघे चोळत कशाला येतील? क्लबच संपला."

त्यातच आमच्या आठव्या पटावरच्या माणसाचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. केसलरांनी सुलेखाला विचारलं. ती माझ्याकडे आली आणि स्वयंपाकघरात बसून राहिली. चहा गार झाला.

"अगं, मग नाही म्हणालीस की काय?"

"हो म्हणाले." मग गार चहा बाजूला सारून म्हणाली, "वन्सं, त्या कपावर सगळी नावं पुरुषांची आहेत. जिंकलो तर माझंपण येईल. मिसेस राजीव नको. सुलेखा पाटणकर. मला ते हवंय."

तिनं कधी काही हवंय असं म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. साडी दाखवली तर म्हणायची, कुठलीही चालेल. मला भरून आलं, म्हणून मी चेष्टा केली. "एवढं लांब नाव मावेल का त्यावर?"

"मावेल. श्टाइनहाउअर मावलाय."

आणखी एक गोष्ट होती, जी ती बोलली नाही पण मला माहीत होती. जानेवारीत तिचे वडील गेले होते. बर्फात विमानं अडकली, ती पोचेपर्यंत सगळं उरकणार होतं, म्हणून भावानं फोनवर सांगितलं, येऊ नकोस. ती गेली नाही. रडलीही नाही. दुसऱ्या दिवशी कामावर गेली आणि शिक्के मारले. मला त्याचीच काळजी वाटायची. रक्त काढताना आरडाओरडा करणारी माणसं बरी असतात. गप्प बसणारी माणसं उठताना धाडकन पडतात.

तर एप्रिलमधला तो शनिवार. लायब्ररीच्या तळघरात आठ टेबलं, आठ पट. पट आणि मोहरी पहिल्या मॅचपासूनची, लाकडी, हात लागून लागून गुळगुळीत झालेली. मी आणि राजीव भिंतीकडेच्या खुर्च्यांवर. राजीव येताना म्हणाला होता, "मी अर्ध्या तासानं निघेन, गाडीचं ऑइल चेंज करायचंय." दुपार झाली तरी हलला नव्हता.

सुलेखा खेळताना मी पहिल्यांदाच नीट बघितलं. घरात ती कशी सारखी उठबस करते. इथं नाही. दोन्ही हात मांडीवर, मान किंचित पुढे, आणि मोहरं उचललं की न घुटमळता ठेवायची, वर घड्याळाचं बटण अंगठ्यानं दाबायची. दंतवैद्य सारखा चष्मा पुसत होता. मला या खेळातलं फार कळत नाही, पण घाबरलेला चेहरा मला कळतो. घाबरला होता तो.

एकेक पट संपत गेला. केसलर पहिल्या पटावर जिंकले, आणि उठताना टेबलाला धरून उभे राहिले. दोन हरले. एकाची बरोबरी. आणखी एक जिंकला. असं करत करत शेवटी भिंतीवरच्या फळ्यावर आकडा पडला साडेतीन-साडेतीन, आणि डाव उरला एकच. आठवा.

सगळे हळूहळू त्या टेबलाभोवती गोळा झाले. राजीव माझ्या कानात म्हणाला, "ताई, जिंकतेय ती. यार, खरंच जिंकतेय."

पटावर फारसं काही उरलं नव्हतं. दोन राजे. तिचं एक प्यादं, शेवटच्या घराच्या एक पाऊल अलीकडे. त्याचंही एक प्यादं, दुसऱ्या टोकाला, अजून बरंच मागे. खेळी तिची. राजीवनं मला समजावलं, "आता वजीर करायचा. वजीर इथूनच त्याचं प्यादं रोखतो. संपलं. लहान मूलही जिंकेल."

मी सुलेखाकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी कधी बघितलं नव्हतं. ओठांच्या कोपऱ्यात हसू. ती त्या टेबलावर नव्हतीच. कुठंतरी फार सुखात होती.

तिनं प्यादं पुढे सरकवलं. ते उचलून बाजूला ठेवलं. हात मोहऱ्यांकडे नेला. आणि त्या घरात घोडा ठेवला. घड्याळ दाबलं.

घर घोड्याचं होतं ना.

केसलरांनी डोळे मिटले. राजीव "अगं!" असं एवढ्या जोरात म्हणाला की दोघातिघांनी वळून बघितलं. आणि सुलेखा पटाकडे बघत होती. पहिल्यांदा काहीच कळलं नाही तिला. मग कळलं. रंगच उतरला तिच्या चेहऱ्यावरचा. हात मांडीवर नेला आणि एकानं दुसरा घट्ट धरला.

दंतवैद्याचं घड्याळ चालू होतं. मग पलीकडचा कॅप्टन, एक गलेलठ्ठ, भला माणूस, पुढे आला. म्हणाला, "हे बघा, बाईंना वजीर ठेवायचा होता हे उघड आहे. हाताची चूक. असं जिंकून आम्हाला कप नकोय. बदलू दे."

दंतवैद्यानं लगेच मान हलवली. "अर्थात. प्लीज, बदला ना." सकाळचं क्रीम त्याच्या घशात अडकलं असावं. पण मनापासून म्हणाला, ते मानलं पाहिजे.

"बदल, बदल," राजीव मराठीत पुटपुटला. "ते स्वतःच सांगतायत. घे ना गं वजीर!"

मीसुद्धा मनात तेच म्हणत होते, खोटं कशाला बोलू. घे बाई. तुझं नाव. तिथं कपाटात चांदीवर जागा रिकामी आहे.

सुलेखानं केसलरांना विचारलं, "नियमात बसतं?"

केसलर म्हणाले, "ते मोठ्या मनानं देतायत."

"नियमात?"

"नाही," केसलर म्हणाले. "मोहरं ठेवलं, घड्याळ दाबलं. नियमात घोडा."

ती दंतवैद्याकडे वळली. तिचं इंग्रजी साधं, लायब्ररीतलं. "थँक यू," ती म्हणाली. "माझे वडील म्हणायचे, मोहऱ्यावरून बोट उचललं की ते आपलं राहत नाही, डावाचं होतं. घोडाच राहू दे. तुमची खेळी."

राजीवनं कपाळावर हात मारला. मी त्याला कोपरखळी मारली. "गप्प बस. माझी भावजय खेळतेय."

मग जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. दंतवैद्याचं प्यादं निघालं. ते पोचलं असतं तर त्याचा वजीर, मॅच त्यांची, कप कायमचा गेला, आणि क्लबही. इकडे सुलेखाचा घोडा पटाच्या पार दुसऱ्या टोकाला. त्याचं प्यादं एक घर पुढे, हिची एक उडी. पुन्हा एक घर, पुन्हा उडी. वजीर झाला असता तर जागच्या जागी बसून काम झालं असतं. घोड्याला सगळा पट तुडवत जावं लागलं. केसलर बोटांनी हवेत उड्या मोजत होते. मी देवाचं नाव घेत होते, आणि मी काही फार देवाची नाही.

प्यादं शेवटून दुसऱ्या घरात पोचलं तेव्हाच घोडा येऊन त्याच्यावर पडला. तिनं प्यादं मारलं. दंतवैद्याच्या राजानं घोडा मारला. पटावर दोन राजे उरले, उघडेबोडके, आणि दुसरं काही नाही.

"बुर्जी," सुलेखा म्हणाली. एवढं एकच मराठी बोलली, वडिलांच्या खेळातला बरोबरीचा शब्द. मग हात पुढे केला. "ड्रॉ."

चार-चार. बरोबरी.

क्षणभर कुणालाच कळेना, आनंद करायचा की काय. मग केसलर एकदम मोठ्यानं हसायला लागले. बरोबरी म्हणजे जिंकणं नाही, जिंकणं नाही म्हणजे तीनदा नाही, म्हणजे कप कायमचा कुणाचाच नाही. पुढच्या वर्षी पुन्हा मॅच! म्हातारे एकमेकांच्या पाठी थोपटायला लागले, पलीकडचेसुद्धा. मला वाटतं त्यांनाही कप घरी ठेवून काय करायचं हा प्रश्न होताच.

पण बरोबरीच्या वर्षी कपावर नावं कोरत नाहीत.

सुलेखाला ते माहीत होतं. कपावरचं एकेक वर्ष, एकेक नाव तिनं पुसता पुसता वाचलेलं. ती अजून खुर्चीतच बसली होती, त्या दोन राजांकडे बघत. मी जवळ गेले आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला.

मग कॉफीचा घोळ झाला. हरलेल्या कॅप्टननं ओतायची, पण हरलंय कोण? दोन्ही कॅप्टन किटल्या घेऊन उभे. तेवढ्यात केसलर किटली घेऊन थेट आठव्या पटाशी आले. तो जाडा कॅप्टनही आला. एकानं तिच्या कपात कॉफी ओतली, दुसऱ्यानं तिला विचारून विचारून साखर घातली. आणि दंतवैद्य? तो कुठूनसं क्रीमचं भांडं भरून घेऊन आला आणि म्हणाला, "मॅम, क्रीम?"

सुलेखा हसली तेव्हा. खळखळून हसली. मग मला हळूच म्हणाली, "वन्सं, चहा मिळाला असता तर बरं झालं असतं."

निघताना केसलरांनी मारलेल्या मोहऱ्यांतून तो घोडा उचलला आणि तिच्या हातात दिला. "हा पुढच्या एप्रिलमध्ये घेऊन ये," ते म्हणाले. "पहिल्या मॅचचा सेट आहे. याच्याशिवाय आठवा पट मांडता येणार नाही. आणि आठवा पट नाही तर मॅच नाही, हा नियम आहे." मग मशिन काढून खिशात ठेवलं, म्हणजे ती काही म्हणाली तरी ऐकू येणार नव्हतं.

गाडीत आम्ही दोघी मागे बसलो. राजीवला राहवेना, म्हणाला, "पण मला एक कळत नाही. केसलरनी सांगितलं होतं, इतके महिने वजीरच करत होतीस. आजच घोडा कसा ठेवलास?"

ती घोडा मुठीत धरून खिडकीबाहेर बघत होती. "प्यादं त्या घरात पोचलं ना," ती म्हणाली, "आणि मला वाटलं, बाबा समोर बसलेत. दवाखान्याचा वास आला हो, स्पिरिटचा. ते नेहमी म्हणायचे, 'आलं गं तुझं प्यादं, बसव घोड्यावर!' मी बसवलं." मग तिचा आवाज फुटला. "वन्सं, मी गेले नाही हो. ते गेले आणि मी शिक्के मारत बसले."

आणि ती रडली. जानेवारीचं सगळं रडली, मोठ्यानं, नाक ओढत, माझ्या खांद्यावर डोकं टाकून. मी तिला थोपटत राहिले, आणि मलाही रडू आवरेना. राजीवनं गाडी हळू केली. त्याला अक्कल आहे, मोक्याला असते.

ओक ट्री रोड आला तेव्हा तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "थांबवा हं जरा. कोथिंबीर घ्यायचीय."

"आता कोथिंबीर?" राजीव म्हणाला.

"उद्या रविवार आहे. उद्या जुन्या जुड्या राहतात."

आम्ही दोघी दुकानात गेलो. तिनं एकेक जुडी उचलून बघितली, वास घेतला, परत ठेवली, दुसरी उचलली. सगळं एका हातानं. दुकानदार म्हणाला, "बेन, थैली दूँ?" तिनं मान हलवली, जुडी काखेत धरली, त्याच हातानं पर्स काढायला लागली. शेवटी पैसे मीच दिले. तिची दुसरी मूठ मिटलेली होती, ती तिनं उघडली नाही.